आमच्या वर्गातली नकली

तिचा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा आमची ओळख होऊन वर्ष उलटून गेलं होतं. त्याआधी ती माझ्याशी रोज बोलत होती, भांडत होती, एकाच बाकावर बसून माझ्या कानात कुजबुजत होती. पण त्यातला एक शब्दही तिच्या आवाजातला नव्हता.

ती संस्थानी काळातली, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची मुलींची शाळा. वर्ष अर्धं सरल्यावर एक दिवस शाळेच्या शिपायानं तिला वर्गात आणून सोडलं. काळीसावळी, हाडं मोठी, परकर आखूड झालेला. बाईंनी तिला माझ्या शेजारी बसवलं. मी विचारलं, "तू कुठून आलीस ग?" ती म्हणाली, "मी कुठून येणार? जयेंद्रगंजातून." मला वाटलं, मीच बोलले. तोच माझा चिरका सूर आणि वाक्य संपताना वर जाणारा तोच हेल. ही मला चिडवते आहे असं समजून मी तिला चिमटा काढला, तर ती ओरडलीसुद्धा माझ्याचसारखी.

चिडवत नव्हती ती. समोर जो असेल त्याच्यासारखंच तिच्या तोंडून निघायचं. कुणी बोलायला लागलं की ती त्याच्या डोळ्यांकडे बघायची नाही, ओठांकडे बघायची, आणि तिचे ओठ आवाज न करता त्याच्याबरोबर हलायचे. डबा खाताना शेजारची जसा घास करील तसा ती करायची. एकदा पायानं अधू असलेली एक मुलगी पुढं चालत होती आणि ही मागून तश्शीच लंगडत निघाली. त्या मुलीनं वळून तिच्या थोबाडीत मारली. तिला कळेचना आपलं काय चुकलं ते. "मी काय केलं? मी तर फक्त चालून राहिले होते," असं ती मला विचारत होती, आणि तेही त्या मुलीच्याच रडव्या सुरात.

वर्गाला मात्र ती म्हणजे पर्वणी होती. गणिताच्या बाईंच्या दातांतून 'स' म्हणताना शिट्टी निघायची, ती शिट्टी तिला यायची. शिपायाचं खोकून खोकून घंटा देणं तिला यायचं. एका दुपारी शिवणाच्या बाई पेंगत होत्या. दाराबाहेरून मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा आवाज आला, "शिवणाच्या बाई, मुलींच्या सुया गंजल्या की तुमचे डोळे?" बाई इतक्या दचकल्या की सुई बोटात घुसली. बोट तोंडात घालून त्या बाहेर धावल्या, तर बाहेर कुणीच नाही. ती दाराच्या फळीमागं अंग चोरून उभी होती, आणि आम्ही सगळ्या तोंडात पदर, परकर, हाताला लागेल ते कोंबून हसत होतो.

त्या दिवसापासून तिचं नाव 'नकली' पडलं. नक्कल करते ती नकली. त्याचा दुसरा अर्थ खोटी असाही होतो, तो कुणाच्या ध्यानात आला असला तरी कुणी बोललं नाही. तीही त्या नावाला ओ द्यायची. मधल्या सुट्टीत चिंचेखाली मुलींचं कोंडाळं जमायचं. "ए नकली, गणित वाली कर! अब चपरासी का कर!" ती करायची. करताना तिचा चेहरा उजळायचा.

माझ्या आईला ती आवडायची आणि नकोशीही वाटायची. आई तिला विचारायची, "काय ग, खातेस का थोडं?" आणि ती म्हणायची, "नको हो, आत्ताच तर झालं." आईचाच आवाज, शेजारणींशी बोलताना आई जसा थोडा गोड करायची तसा. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "पोर गुणी आहे. पण ती बोलली की माझ्या पाठीमागं मीच उभी आहे असं वाटतं ग मला."

एकदा शाळेनं आम्हांला फूलबागेत नेलं होतं. बाकीच्या मुली पिंजऱ्यातली जनावरं बघायला पुढं धावल्या, आम्ही दोघी मागं हिरवळीवर बसलो. मी तिला सरळच विचारलं, "तू असं का करतेस?"

"आई गेल्यावर मला उज्जैनला काकाकडे ठेवलं. ते लोक सगळं हेल काढून बोलतात. मग शिवपुरीला आत्याकडे. तिथं सगळं हिंदीतच. आता मामाकडे. ज्या घरी जायचं ना, त्या घरासारखं बोलायचं. मग त्यांना पता चालत नाही की कुणी नवीन आलंय."

"आणि वडील?"

"रिसाल्यात आहेत. त्यांनी दुसरं लग्न केलं."

"पण मग तुझं स्वतःचं बोलणं कसं आहे?"

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. "माझं?" ती माझ्याच आवाजात म्हणाली, "माझं कसं असणार?"

मोठ्या बाई पुण्याकडच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा. ग्वाल्हेरात त्यांचं आपलं असं कुणी नव्हतं. आमच्या बोलण्याचा त्यांना फार राग. कुणी "पाणी पडून राहिलंय" म्हटलं की त्या कानांवर हात ठेवायच्या. "मराठीत हिंदी कालवू नका, मुलींनो. आमटीत दूध ओतल्यासारखं होतं ते." हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की आम्हांला झोपेतही म्हणता आलं असतं. एक दिवस मास्तरीणबाई यायच्या आत ती बाकावर उभी राहिली, डोक्यावरून शिवणाचं पांढरं कापड घेतलं, आणि आमटी आणि दुधाचं ते वाक्य म्हणायला लागली. वर्ग लोटपोट झाला. मग एकेक करून हसणं थांबलं, कारण दारात मोठ्या बाई उभ्या होत्या.

त्या आत आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हुबेहूब आहे. मी अशी बोलते हे मला आज कळलं, आणि ऐकून काही बरं वाटलं नाही. आता तू कशी बोलतेस ते ऐकव."

ती खाली उतरली आणि गणिताच्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "माझं चुकलं."

"ही तू नाहीस."

मग माझ्या आवाजात. "माझं चुकलं, बाई."

"हीही तू नाहीस. ही तुझ्या शेजारची."

मग शिपाई, मग कुणी उज्जैनची बाई, मग आम्हांला अनोळखी एक घरंदाज हिंदी. बाई प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. आधी पोरी खुसूखुसू हसत होत्या. शेवटी तिचं तोंड नुसतं उघडत मिटत राहिलं, त्यातून काहीच निघेना, आणि तिचा हात गळ्यावर गेला, तेव्हा कुणी हसलं नाही. बाईंनी तिच्या डोक्यावरचं कापड काढून त्याची घडी केली आणि म्हणाल्या, "उद्यापासून शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत येत जा."

शाळेची बैलगाडी आधी जवळच्या मुलींना सोडून यायची, मग आम्हां जयेंद्रगंजच्या मुलींना न्यायची. त्या मधल्या वेळात ती बाईंच्या खोलीत जायची आणि मी दाराबाहेर पायरीवर बसायची. बाईंची रीत मोठी विलक्षण होती. त्या तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ओठ दिसले की ही ते उचलते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. वाचायला पुस्तक देत नसत. साधं काहीतरी विचारायच्या. सकाळी कुणी उठवलं? वाटेत काय बघितलंस? तिनं ज्या कुणाच्या आवाजात उत्तर दिलं असेल ते ऐकून त्या वळून न बघता म्हणायच्या, "नाही." पुन्हा विचारायच्या. पुन्हा "नाही." कितीतरी दिवस मी पायरीवर बसून हे "नाही" ऐकत होते. मला बाईंची चीड यायला लागली होती.

एक दिवस त्यांनी विचारलं, "काल काय जेवलीस?"

मग आतून कुणीतरी म्हणालं, "काल मी जेवले नाही."

खोलीत कुणी मुलगा शिरला की काय म्हणून मी उठून डोकावले. घोगरा, सावकाश आवाज, थोडा फाटलेला, पडसं झालेल्या मुलग्यासारखा. ती एकटीच उभी होती. मोठ्या बाईंची मान वळायला लागली होती, ती त्यांनी तिथेच थांबवली.

"का नाही जेवलीस?"

"मामीच्या आवाजात मामाला हाक मारली. मामा फसला. मामीनं ताट उचललं."

"मग?"

"मग पाणी प्यायले."

बाई वळल्या नाहीत. भिंतीकडे बघत त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. दुसऱ्या दिवसापासून त्या तिच्यासाठी दशम्या आणायला लागल्या. ती खायची आणि त्या पाठ करून बसायच्या.

त्यानंतरचे काही आठवडे माझ्या आठवणीत वेगळे उरले आहेत. तिला रोज काहीतरी सापडत होतं. एकदा पेरूची फोड हातात घेऊन ती थबकली आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मला पेरू आवडत नाही."

"मग इतके दिवस खात होतीस ती?"

"तू खात होतीस ना."

ती स्वतःची स्वतः चालते कशी, तेही तेव्हाच दिसलं. हळू, पावलं थोडी आत वळवून. ती हसायची तेव्हा आवाज होत नसे, नुसते खांदे हलत. काही बोलली की लगेच गळ्यावर दोन बोटं ठेवून बघायची. "इथनं येतंय," मला सांगायची. माझा हात धरून तिथे ठेवायची. "बघ ना, येतंय ना?"

वर्गाला मात्र हे मानवलं नाही. पोरी दुष्ट नव्हत्या. त्यांचा खेळ गेला होता, एवढंच. चिंचेखाली त्या तिला घेरायच्या.

"ए नकली, गणित वाली कर ना!"

"नको."

"अरे, हा कसला आवाज? गला बैठ गया क्या तेरा?"

"हाच आहे माझा."

"चल झूठी! असली वाला काढ."

दोन-चार दिवस पोरींनी वाट बघितली, मग चिंचेखालचं कोंडाळं मोडलं. वर्गात तिनं उत्तर दिलं की मागच्या बाकावरून कुणीतरी बकरीसारखं ओरडायचं. तिच्याबरोबर डबा खायला मी तेवढी उरले. एकदा तिनं मला विचारलं, "मी माझ्या आवाजात बोलले की कुणी थांबत का नाही?"

"मी थांबते ना."

"तू तर एकटी आहेस," ती म्हणाली. कधी कधी तिला राहवायचं नाही. ती शिपायाचं खोकणं करायची, पोरी धावत यायच्या, टाळ्या पिटायच्या, आणि तेवढा वेळ तिचा चेहरा पहिल्यासारखा उजळायचा. त्या संध्याकाळी ती बाईंच्या खोलीत जाऊन आपणहून सांगायची, "आज केली." बाई भिंतीकडे बघून म्हणायच्या, "बरं. उद्या नको करूस."

बक्षीससमारंभाला त्या वर्षी दरबारातल्या एका सरदारांच्या पत्नी यायच्या होत्या. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत. त्यांच्याच पागेवर तिचा मामा नोकरीला होता. बाईंनी ठरवलं की पाहुण्यांचे आभार हिनंच मानायचे. चार वाक्यं होती. तालीम आधी बाईंनी पाठ फिरवूनच घेतली. शेवटच्या दिवशी बाईंनी खुर्ची फिरवली आणि म्हणाल्या, "आता माझ्या तोंडाकडे बघून म्हण." ती बाईंच्या ओठांकडे बघत बघत चारही वाक्यं स्वतःच्या आवाजात म्हणाली. बाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांनी कुणाला जवळ घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

समारंभाच्या दिवशी शाळेच्या दिवाणखान्यात वाळ्याचे पडदे सोडले होते. वहिनीसाहेब मधल्या कोचावर, दोन्ही बाजूंना त्यांच्या सोबतच्या बायका, खाली सतरंजीवर आम्ही मुली. ती पुढं आली आणि बोलायला लागली. मागं खसखस पिकली. पहिलंच वाक्य संपलं असेल नसेल, वहिनीसाहेबांनी हात वर केला.

"हीच ना आमच्या पागेवाल्याची भाची? नकला करते ती? अग, हे आभार राहू दे. आमची नक्कल कर बघू."

पोरींना काय, तेच हवं होतं. "कर! कर!" टाळ्या सुरू झाल्या. मोठ्या बाई पुढं झाल्या. "क्षमा असावी. आज ती फक्त आभार मानणार आहे."

वहिनीसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काय ग, येत नाही का तुला?"

"येते," ती म्हणाली. "पण मला करायची नाही."

तो घोगरा आवाज दिवाणखान्याच्या शेवटच्या खांबापर्यंत स्वच्छ गेला. टाळ्या बंद पडल्या. वहिनीसाहेब शेजारच्या बाईकडे कलून म्हणाल्या, "आवाज बघा! मेंढी बसली आहे घशात." त्या हसल्या, मग त्यांच्या बायका हसल्या, मग आमच्या शाळेतल्या सगळ्या मुली हसल्या. ती मोठ्या बाईंकडे बघत होती. बाई मोठ्यानं म्हणाल्या, "शाबास."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई मला घर दाखवायला घेऊन जयेंद्रगंजात गेल्या. मामी दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"तुम्ही तिला बोलायला शिकवलंत, बाई. आमच्या तोंडचा घास जात होता."

"ती कुठे आहे?"

"हवेलीत. वहिनीसाहेबांनीच बोलावून घेतलं. मन मोठं आहे हो त्यांचं, रागच धरला नाही. दुपारी करमत नाही त्यांना. तिथंच राहील आता. दोन वेळा पोटाला मिळेल, अंगावर लुगडं मिळेल."

"आणि शाळा?"

"शाळेत जाऊन काय झालं ते बघितलं की आम्ही."

बाई तिथून तशाच हवेलीवर गेल्या. देवडीवरच्या पहारेकऱ्यानं त्यांना उन्हात उभं ठेवलं आणि शेवटी सांगितलं, भेट होणार नाही. त्या पुन्हा गेल्या. पुन्हा उभ्या राहिल्या. मग वरून कुणीतरी त्यांना समज दिली की मुख्याध्यापिकेनं सरदारांच्या दारात असं उभं राहणं शोभत नाही. त्यानंतर त्या गेल्या नाहीत. पण त्यांच्यातलं काहीतरी विझलं. आम्ही "पाणी पडून राहिलंय" म्हणायचो आणि त्या खिडकीबाहेर बघत राहायच्या. आमटी आणि दुधाचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

मी मॅट्रिक झाले त्या साली चैत्रात हवेलीवर हळदीकुंकू होतं. आईबरोबर मीही गेले. गौरीपुढं आरास, कैरीची डाळ, पन्हं, आणि बायकांनी गच्च भरलेला दिवाणखाना. मध्ये ती बसली होती. उंच झाली होती, अंगावर जरीचं लुगडं, नाकात नथ. लग्न झालं होतं की नथ हवेलीची होती, मला कळलं नाही. बायका एकेकीचं नाव घेत होत्या आणि ती करत होती. इंग्रज साहेबाची मडम केली. डॉक्टरीणबाई केली. हवेलीतली बहिरी स्वयंपाकीण केली. बायकांना हसून हसून ठसका लागत होता.

मग वहिनीसाहेब म्हणाल्या, "आता ती घोगरी पोर."

ती उठली. खांदे पाडले, पावलं थोडी आत वळवली, आणि त्या आवाजात सावकाश म्हणाली, "मला इथं करमत नाही. मला घरी जायचंय. पण घर कुठलं, ते मला पता नाही."

दिवाणखाना हसून कोसळला. कुणाच्या हातातलं पन्हं सांडलं. माझी आईसुद्धा डोळे पुसत हसत होती. तिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, तिला बिचारीला काय माहीत. त्यात एका अक्षराची चूक नव्हती. ती आणखी बोलत गेली, घोगरी पोर एकटी असते, घोगरी पोर रडते पण आवाज फुटत नाही, आणि दर वाक्याला बायका "अग बाई, पुरे, पुरे!" म्हणत पोट धरत होत्या.

निघताना ती ओटीत भिजवलेले हरभरे घालत दाराशी उभी होती. मी तिचा हात धरला. "मला ओळखलंस का?"

"न ओळखायला काय झालं? या हं पुन्हा," ती म्हणाली. आवाज वहिनीसाहेबांचा होता. हात अलगद सोडवून घेऊन ती माझ्या मागच्या बाईकडे वळली.

त्याच उन्हाळ्यात मोठ्या बाई नोकरी सोडून पुण्याला निघाल्या. दम्यानं त्यांची तब्येत ढासळली होती. मी पाया पडायला गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं, खोलीत एक वळकटी आणि एक ट्रंक तेवढी उरली होती. त्यांनी माझी चौकशी केली, आईची केली. मग विचारलं, "ती भेटते का ग कधी?"

"भेटली. हळदीकुंकवाला."

"बोलली?"

"बोलली."

त्यांनी चष्मा काढला. भिंगांशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसत. "कुणाच्या आवाजात?"

मी ट्रंकेची कडी नीट लावली. मग म्हणाले, "तिच्या. तिच्याच आवाजात बोलली, बाई."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

बाई वळकटीवर बसल्या. मग त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना अशा हसताना पाहिलं नव्हतं. "बघ," त्या म्हणाल्या, "एवढं तरी माझ्या हातून झालं." बाहेर टांगेवाला गाडीची वेळ झाली म्हणून ओरडत होता. मी त्यांची ट्रंक उचलली आणि त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरले.